पीपीटीची पीडीएफ करताना: मराठी सादरीकरणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत पीपीटी आता फक्त कचेऱ्यांपुरती राहिलेली नाही. गिरगावातल्या चाळीच्या पुनर्विकासाची सभा असो, परळच्या मंडळाने देणगीदारांसाठी तयार केलेली माहिती असो, महापालिकेच्या शाळेतला विज्ञानाचा धडा असो की कलिन्यातल्या विद्यार्थ्याचा सेमिनार, स्लाइड असतातच. आणि सभा संपायच्या आत निरोप येतो, "ती पीपीटी ग्रुपवर टाका ना."

टाकावी ती पीडीएफच, आणि तीही वाचणाऱ्याचा विचार करून केलेली. पडद्याशेजारी तुम्ही उभे असता, अडलं तर सांगता. रात्री विरार लोकलमध्ये फाइल उघडणाऱ्या सभासदापाशी तुम्ही नसता. त्याला मराठी अक्षर धड दिसलं पाहिजे, आकडे वाचता आले पाहिजेत, आणि जे त्याला द्यायचंच नव्हतं ते चुकून त्याच्या हाती जाता कामा नये.

पीपीटीच पाठवली तर काय बिघडतं?

आजची पीपीटीएक्स फाइल म्हणजे आतून एक झिप पाकीट असतं. त्यात चित्रं असतात आणि बाकी सगळ्या सूचना: या चौकटीत हे वाक्य, या फॉन्टमध्ये, या आकारात. फॉन्ट मात्र सहसा त्या पाकिटात नसतो. उघडणाऱ्याच्या यंत्रावर तो असेल तर ठीक, नसेल तर सॉफ्टवेअर जवळचा दुसरा घेतं. विंडोजवर मंगल किंवा निर्मला, मॅक आणि आयफोनवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर बहुतेक वेळा नोटो. प्रत्येकाची रुंदी वेगळी. त्यामुळे तुमच्याकडे एका ओळीत बसलेलं शीर्षक समोरच्याकडे दोन ओळींत जातं, खालचा मजकूर चौकटीबाहेर सांडतो आणि तक्त्याची शेवटची ओळ स्लाइडच्या खाली नाहीशी होते. पुनर्विकासाच्या तक्त्यात ती शेवटची ओळ बहुधा एकूण रकमेची असते.

पीडीएफमध्ये पान आखूनच येतं. अडोबी कंपनीने हे स्वरूप १९९३ साली बाजारात आणलं आणि २००८ मध्ये ते आयएसओ ३२००० या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. कोणतं अक्षर पानावर नेमकं कुठे बसणार हे त्यात ठरलेलं असतं, आणि अक्षरांचे आकारही फाइलमध्येच भरता येतात.

पण आमच्याकडे सगळ्यांच्या फोनवर पीपीटी उघडते. मग?

मग दुसरं कारण पाहा, ते जास्त गंभीर आहे. एक्सेलमधला आलेख पॉवरपॉइंटमध्ये चिकटवताना त्याच्यासोबत कधी कधी पूर्ण वर्कबुक स्लाइडच्या पोटात जाऊन बसतं. तुम्हाला दिसतो एक स्तंभालेख. समोरचा मात्र त्यावर उजवं बटण दाबून 'एडिट डेटा' म्हणतो आणि त्या वर्कबुकच्या सगळ्या शीट उघडतात. कोणाची किती थकबाकी, कोणत्या ठेकेदाराने काय दर दिला, मुलांचे नावानिशी गुण, सगळं. पीडीएफमध्ये आलेखाचं फक्त चित्र आणि त्यावर छापलेले आकडे जातात. आलेख पेस्ट करताना 'पिक्चर' निवडलं तर पीपीटीतही हा धोका टळतो.

पीडीएफ करायची कशी?

विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल, एक्सपोर्ट, क्रिएट पीडीएफ/एक्सपीएस. किंवा सेव्ह ॲजमध्ये प्रकार पीडीएफ निवडा. सेव्ह करण्याआधी तिथलं 'ऑप्शन्स' बटण उघडण्याची सवय लावा. कोणत्या स्लाइड, नोट्ससकट की नाही, लपवलेल्या स्लाइड घ्यायच्या का, कमेंट घ्यायच्या का, हे सगळं तिथे ठरतं. मॅकवर फाइलमधल्या एक्सपोर्टमध्ये पीडीएफ आहे. गुगल स्लाइड्समध्ये फाइल, डाउनलोड, पीडीएफ. मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये फाइल, एक्सपोर्ट ॲज पीडीएफ, आणि तिथले पर्याय सगळ्यांत भरघोस आहेत. ॲपलच्या कीनोटमध्ये फाइल, एक्सपोर्ट टू, पीडीएफ. कॅनव्हात 'पीडीएफ स्टँडर्ड' आणि 'पीडीएफ प्रिंट' असे दोन प्रकार दिसतात. ग्रुपवर टाकायला पहिला, छापखान्यात द्यायला दुसरा.

प्रिंटमध्ये जाऊन 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडलं तर तेच होतं ना?

नाही. तिथे तुमची फाइल कागदावर छापावी तशी छापली जाते, आणि कागदावर लिंक चालत नाही. संकेतस्थळांच्या लिंक मरतात, आणि अंध वाचकाला लागणारी आतली रचनाही जाते. एका पानावर चार स्लाइड करड्या रंगात हव्या असतील तेव्हा हा मार्ग उपयोगी. एरवी एक्सपोर्टच.

मराठी अक्षरं फुटतात, चौकोन येतात, वेलांटी भलतीकडे जाते. का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि याची कारणं एकाहून अधिक आहेत.

चौकोन दिसला तर त्या फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. जुन्या फॉन्टमध्ये हे 'ॲ'च्या बाबतीत हमखास होतं. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टला ते माहीतच नाही. 'ॲप', 'ॲडव्हान्स', 'ॲग्रीमेंट' लिहिलेली स्लाइड म्हणून आधी तपासा.

वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडली, 'क्ष'चे 'क्' आणि 'ष' सुटे झाले, पाय मोडलेली अक्षरं रांगेत उभी दिसली, तर पीडीएफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला देवनागरी जोडाक्षरं जुळवता आलेली नाहीत. फोनवरच्या काही फुकट ॲपमध्ये आणि काही ऑनलाइन सेवांमध्ये हे होतं. त्यावर इलाज एकच, ते साधन सोडा.

अक्षरं नीट आहेत पण वळण बदललं, ओळी सरकल्या, तर ज्या यंत्रावर पीडीएफ केली तिथे तुमचा फॉन्ट नव्हता. म्हणून नियम असा, ज्या यंत्रावर स्लाइड तयार केली त्याच यंत्रावर पीडीएफ करायची. पेनड्राइव्हवर पीपीटी नेऊन झेरॉक्सवाल्याकडे "पीडीएफ करून दे" म्हणू नका.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. फॉन्टच्या रकान्यात 'कॅलिब्री' दिसत असलं तरी तुमचं मराठी कॅलिब्रीत नसतं, कारण त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. पॉवरपॉइंट गुपचूप मंगल किंवा निर्मला वापरतं. एकाच स्लाइडवरचं अर्धं मराठी एका वळणाचं, अर्धं दुसऱ्या, असं दिसतं ते यामुळे. देवनागरी असलेला फॉन्ट स्वतः निवडा आणि सगळीकडे तोच ठेवा. मुंबईच्याच 'एक टाइप' या अक्षरशाळेचा 'मुक्ता' हा फॉन्ट मोफत आहे, स्वच्छ आहे, आणि त्याची बारीक ते जाड अशी सात वजनं मिळतात, त्यामुळे ठळक मजकूर काजळल्यासारखा दिसत नाही. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी पाहा, तोही मोफत आहे. स्लाइडवरचं अक्षर मराठी वळणाचं असावं, असं मला मनापासून वाटतं. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण मजकूर आपला वाटतो.

फॉन्ट फाइलमध्ये भरला गेला आहे की नाही हे कसं ओळखायचं?

पीडीएफ अडोबी रीडरमध्ये उघडा, फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे 'एम्बेडेड सबसेट' लिहिलेलं हवं, म्हणजे वापरलेल्या अक्षरांचे आकार आत आहेत. पीडीएफच्या जुन्या मानकात चौदा फॉन्ट प्रत्येक वाचकयंत्रावर असतीलच असं धरलेलं होतं, पण ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे, त्यात देवनागरी एकही नाही. इंग्रजी फाइल एम्बेड न करता निभावते, मराठी निभावत नाही.

वेळ नसेल तर साधी चाचणी करा. पीडीएफ स्वतःच्या फोनवर उघडा आणि वऱ्हाड, दऱ्या, चिन्ह, शुद्ध, ज्ञान, कृती, रूपरेषा, ऑक्टोबर असे शब्द जिथे आले असतील तिथे बोट ठेवून वाचा. 'वऱ्हाड'मधला अर्धा र नीट आला तर बाकीचं बहुतेक नीट असतं.

दिसतं छान, पण पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला की कडबोळं होतं. शोधही लागत नाही.

पीडीएफला वाक्य माहीत नसतं, आकार माहीत असतात. 'किती' लिहिताना आपण आधी क आणि मग वेलांटी टाइप करतो. पानावर मात्र वेलांटी क-च्या डावीकडे येते. जोडाक्षराचा तर सगळा मिळून एक वेगळाच आकार असतो. या आकारांवरून मूळ अक्षरांकडे परत जाण्याचा नकाशा फाइलमध्ये असावा लागतो, आणि देवनागरीसाठी तो अनेकदा अपुरा निघतो. म्हणून डोळ्यांना 'किती' दिसतं आणि कॉपी केल्यावर मात्रा इकडच्या तिकडे होतात.

टॅग केलेली, म्हणजे शीर्षक, परिच्छेद, चित्र अशी आतली रचना नोंदवलेली पीडीएफ केली तर थोडी सुधारणा होते. विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्ये ऑप्शन्समधला 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी' हा चौकोन चालू ठेवा. लिब्रेऑफिसमध्ये 'टॅग्ड पीडीएफ' आहे. पूर्ण खात्री तरीही देता येत नाही. ज्या मजकुराची लोकांना पुढे नक्कल करावी लागणार आहे, उदाहरणार्थ सभेच्या ठरावाचा मसुदा, तो पीडीएफसोबत साध्या मजकुराच्या निरोपात वेगळा पाठवा.

आमची जुनी पीपीटी श्रीलिपी, आकृती किंवा सुरेखमध्ये आहे. तिचं काय?

या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती पीपीटी उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. फॉन्ट असलेल्या यंत्रावर पीडीएफ केली की दिसायला उत्तम. छपाईसाठी काही अडचण नाही. पण शोध, कॉपी, मोठ्याने वाचून घेणं, यातलं काही होणार नाही. फॉन्टचा परवाना एम्बेड करायला मनाई करत असेल तर पॉवरपॉइंट त्या मजकुराचं चित्र करतं. नुसती जपून ठेवायची असेल तर एवढं चालेल. दरवर्षी तीच पीपीटी वापरायची असेल तर एकदाच बसून मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. श्रम आहेत, पण ते एकदाच.

ॲनिमेशनचं काय होतं?

जातं. आणि नुसतं जात नाही, काही वेळा स्लाइड वाचण्यालायक राहत नाही. एकामागून एक येणाऱ्या पाच चौकटी एकाच जागी रचलेल्या असतील तर पीडीएफमध्ये पाचही एकमेकींवर छापल्या जातात, ज्या पुढे निघून जाणार होत्या त्यासुद्धा. उदाहरण सोडवून दाखवणाऱ्या शिक्षकांना याचा फार त्रास होतो, कारण उत्तर प्रश्नाच्या अंगावरच येतं.

उपाय आहेत. स्लाइडची नक्कल करून प्रत्येक पायरी वेगळ्या स्लाइडवर ठेवा; गणितासाठी हाच मार्ग चांगला, कारण विद्यार्थी पान उलटताना तीच गती अनुभवतो. पायऱ्या फार असतील तर विंडोजच्या पॉवरपॉइंटसाठी पीपीस्प्लिट नावाचं मोफत ॲड-इन, म्हणजे पॉवरपॉइंटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, हे काम आपोआप करतं. कीनोट वापरणाऱ्यांना एक्सपोर्टमध्येच बिल्डची, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या ॲनिमेशनची, प्रत्येक पायरी वेगळ्या पानावर छापण्याचा पर्याय मिळतो. केवळ शोभेसाठी टाकलेलं ॲनिमेशन असेल तर ते वाचणाऱ्याच्या प्रतीतून काढून टाका, कोणाचं काही अडत नाही.

व्हिडिओ आणि आवाज?

येत नाहीत, एक स्थिर चित्र उरतं. त्याखाली व्हिडिओची लिंक द्या. प्रत छापली जाणार असेल तर क्यूआर कोडही लावा.

फोनवर अक्षर फार बारीक दिसतं. पडद्यावर तर मोठं होतं.

हिशेब करून पाहू. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड १३.३३ इंच, म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर रुंद असते. फोन उभा धरला तर पडद्याची रुंदी साधारण ७ सेंटिमीटर. म्हणजे सगळं पाचव्या हिश्शाएवढं होतं. स्लाइडवरचा १८ पॉइंटचा मजकूर हातात ३.७ पॉइंटचा दिसतो, २४ पॉइंटचा जेमतेम ५. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचं अक्षरसुद्धा याहून मोठं असतं. फोन आडवा केला तर रुंदी १५ सेंटिमीटर धरा, १८ पॉइंटचे ८ होतात, वाचता येतात. पण गर्दीच्या डब्यात एक हात कडीला असताना फोन आडवा धरून दोन बोटांनी पान मोठं करणं कोणाला जमतं?

तेव्हा ज्या सादरीकरणाची पीडीएफ फिरणार आहे त्यात २४ पॉइंटच्या खाली मजकूर ठेवू नका आणि तक्ता असेल तर तो फोडा. एका स्लाइडवर बारा रकाने बसवण्यापेक्षा तीन स्लाइड करा. ज्येष्ठ सभासद असलेल्या सोसायटीत याचा फरक थेट सभेत दिसतो. ज्यांना घरी तक्ता वाचता आला ते सभेत नेमका प्रश्न विचारतात. ज्यांना वाचता आला नाही ते गप्प बसतात, आणि ती मूक संमती धरली जाते. आयुष्यभराच्या घराचा निर्णय असताना असं होणं अन्यायाचं आहे, आणि दोष बारीक अक्षर करणाऱ्याचा आहे.

फाइल फार जड होते. कमी कशी करायची?

वजन जवळजवळ नेहमी फोटोंचं असतं. फोनवरचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा. पूर्ण स्लाइड व्यापणाऱ्या फोटोला इंचाला १५० ठिपक्यांनी २००० बाय ११२५ पुरतात, म्हणजे पाचव्या हिश्शाहून कमी. पॉवरपॉइंटमध्ये एखादा फोटो निवडा, पिक्चर फॉरमॅटमध्ये 'कॉम्प्रेस पिक्चर्स' उघडा, 'फक्त या चित्रापुरतं' ही खूण काढा आणि १५० पीपीआय निवडा. तिथेच 'कापलेले भाग काढून टाका' ही खूण असते, ती मात्र राहू द्या; क्रॉप केलेला भाग नुसता झाकलेला असतो, पीपीटीतून गेलेला नसतो. हे सगळं नकलेवर करा, मूळ फाइलवर नको.

एक्सपोर्ट करताना 'मिनिमम साइज' हा पर्यायही आहे, पण तो फोटोंसोबत बारीक आकडे असलेले स्कॅन आणि नकाशेही पुसट करतो. इमारतीचा आराखडा असलेल्या फाइलला तो लावू नका.

जीमेलला जोडपत्राची मर्यादा २५ एमबी आहे. व्हॉट्सॲपवर २ जीबीपर्यंतची फाइल जाते, फक्त ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. स्लाइडचे स्क्रीनशॉट फोटो म्हणून पाठवले तर व्हॉट्सॲप ते दाबतं आणि मात्रा-अनुस्वार पहिल्यांदा बळी पडतात. 'अंदाजे'चा 'अदाजे' होतो.

प्रती काढायच्या आहेत. झेरॉक्सवाल्याला काय सांगायचं?

ए४ आडवा कागद २९.७ बाय २१ सेंटिमीटरचा. रुंद स्लाइड त्यावर पूर्ण रुंदीने छापली तरी उंची १६.७ सेंटिमीटरच होते, वर-खाली दोन-दोन सेंटिमीटर कोरे राहतात. ते ठीक आहे. "फिट टू पेज" सांगा, ताणून भरायला सांगू नका.

सभेत वाटायला एका पानावर दोन स्लाइड, उभा कागद, हे मला सर्वांत सोयीचं वाटतं. सहा बसवल्या तर कागद वाचतो आणि वाचणारा सोडून देतो. विद्यार्थ्यांसाठी तीनची मांडणी निवडा, कारण त्यात पॉवरपॉइंट शेजारी टिपणासाठी रेघा आखून देतं. गडद निळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं पडद्यावर उठून दिसतात, कागदावर टोनर पितात आणि जोडाक्षरं भरून जातात. छापायची प्रत पांढऱ्या पार्श्वभूमीची वेगळी करा. पाठपोट छपाई असेल तर पानक्रमांक हवेतच.

आधी एकच पान काढून पाहा. रुईया किंवा रुपारेलच्या बाहेर परीक्षेच्या दिवसांत दुकानात रांग असते तेव्हा हे सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगा.

आधार क्रमांक किंवा फोन नंबर काळ्या पट्टीने झाकला आणि पीडीएफ केली. चालेल ना?

मुळीच नाही. पट्टी हा एक वेगळा आकार, मजकुरावर नुसता ठेवलेला. पीडीएफमध्ये दोन्ही जातात. कोणीही पट्टीच्या जागेवरून मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की क्रमांक समोर. झाकू नका, खोडून टाका. त्या जागी "क्रमांक काढला आहे" असं लिहा. कागदपत्राचा स्कॅन असेल तर चित्र संपादनाच्या ॲपमध्ये तो भाग घट्ट रंगाने भरा, चित्र नव्याने सेव्ह करा आणि मग ते स्लाइडवर आणा. सभासदांची यादी, रुग्णांची माहिती, मुलांचे निकाल असलेली प्रत बाहेर पाठवण्याआधी एवढे कष्ट घेणं आपलं कर्तव्य आहे. ती माहिती त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवून दिलेली असते.

बोलताना पाहण्यासाठी लिहिलेल्या नोट्स आणि लपवलेल्या स्लाइड त्यात जातात का?

नोट्स साध्या एक्सपोर्टमध्ये जात नाहीत, 'नोट्स पेजेस' निवडलं तरच जातात. लपवलेल्या स्लाइडसाठी वेगळी खूण असते आणि ती प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या जागी सापडते. त्यावर विसंबू नका. पाठवायच्या नकलेतून त्या स्लाइड काढूनच टाका आणि पीडीएफची पानं मोजा.

आणखी एक जागा पाहायची राहते. गेल्या वर्षीच्या फाइलवरून नवी केली असेल तर तिच्या माहितीत जुनं शीर्षक आणि जुन्या माणसाचं नाव राहतं, आणि ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडली की टॅबवर फाइलच्या नावाऐवजी ते शीर्षक झळकतं. फाइल, इन्फो इथे जाऊन दोन्ही दुरुस्त करा.

पीडीएफमध्ये कोणी बदल करू शकत नाही, हे खरं का?

खरं नाही. संपादनाची साधनं सर्रास मिळतात. बदल झाला हे कळावं असं वाटत असेल तर डिजिटल सही लागते. पासवर्डही दोन प्रकारचे. फाइल उघडण्याचा पासवर्ड खरोखर मजकूर कुलूपबंद करतो. "छापू नये, कॉपी करू नये" हा दुसरा पासवर्ड वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला केलेली विनंती असते, आणि ती न मानणारी साधनं आहेत. लिब्रेऑफिसच्या एक्सपोर्टमध्ये 'सिक्युरिटी' या भागात दोन्ही लावता येतात. पासवर्ड त्याच ग्रुपवर टाकू नका, फोन करून सांगा.

ऑनलाइन फुकट कन्व्हर्टर वापरावा का?

मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी हरकत नाही. सोसायटीचे हिशेब, निविदा, रुग्णांची किंवा विद्यार्थ्यांची माहिती यासाठी नाही. फाइल कोणाच्या तरी सर्व्हरवर जाते आणि पुढे तिचं काय होतं यावर तुमचं नियंत्रण उरत नाही. २०२३ पासून आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. लोकांची माहिती जपणं आता नुसत्या भलेपणावर सोडलेलं नाही. शिवाय गरजच काय? पॉवरपॉइंट नसेल तर लिब्रेऑफिस मोफत आहे आणि नेटशिवाय चालतं. फक्त तुमचा मराठी फॉन्ट त्या यंत्रावर आधी बसवा.

दृष्टिहीन वाचकाला ही पीडीएफ ऐकता येईल का?

येईल, थोडी काळजी घेतली तर. मजकूर युनिकोडमध्ये हवा. प्रत्येक स्लाइडला शीर्षकाच्या चौकटीतच शीर्षक हवं, कारण त्यावरून तो स्लाइड ओळखतो. प्रत्येक चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, द्या, आणि "आलेख" एवढंच न लिहिता आलेख काय सांगतो ते लिहा: "दुरुस्तीचा खर्च तीन वर्षांत दुप्पट". वाचनाचा क्रम 'सिलेक्शन पेन'मध्ये तपासा. तिथली यादी खालून वर वाचली जाते. मग टॅग चालू ठेवून एक्सपोर्ट करा. वर सांगितलेला अक्षरांच्या नकाशाचा घोटाळा इथेही आडवा येऊ शकतो, त्यामुळे एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर स्वतः एकदा ऐका.

पीडीएफ/ए काय असतं?

दीर्घकाळ जपण्यासाठीचा प्रकार, आयएसओ १९००५, पहिलं मानक २००५ चं. फॉन्ट आत भरलेलेच हवेत, पासवर्ड चालत नाही. संस्थेच्या दप्तरात ठेवायच्या प्रतीसाठी हाच निवडा.

सभागृहातल्या लॅपटॉपवर थेट पीडीएफवरूनच बोलता येईल का?

येईल, आणि ॲनिमेशनवर अवलंबून नसाल तर मी तेच सुचवेन. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तुमचा फॉन्ट असेलच असं नाही. अडोबी रीडरमध्ये कंट्रोल आणि एल एकत्र दाबलं की पान पूर्ण पडद्यावर येतं, बाणांनी पुढे-मागे जाता येतं. पेनड्राइव्हवर दोन्ही फाइल ठेवा.

मूळ पीपीटी हरवली, फक्त पीडीएफ उरली आहे. परत पीपीटी करता येईल का?

इंग्रजी फाइल बऱ्यापैकी परत येते. मराठीचा अनुभव वाईट आहे, कारण कॉपी करताना जो घोळ होतो तोच इथेही होतो. बहुतेक वेळा पानांची चित्रं स्लाइडवर लावून त्यावर नव्याने टाइप करणं लवकर उरकतं. मजकूर फार असेल तर पीडीएफ गुगल ड्राइव्हवर चढवा आणि गुगल डॉक्समध्ये उघडा. पानांची चित्रं असतील तरी ते अक्षरं ओळखून मजकूर देतं, मराठीही. मांडणी मोडते, आणि ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि आकडे एकेक करून पीडीएफशी ताडून घ्यावे लागतात. ३ आणि ८ च्या जागी दुसरं काही आलं नाही ना, हे आधी पाहा.